गावच्या शाळेचा, वाचनालयाचा, देवस्थानाचा इतिहास शोधायचाय? रत्नागिरी जिल्ह्यापुरतं सांगतो

शाळेला शंभर वर्षं होणार, वाचनालयाचा अमृतमहोत्सव आला किंवा देवळाचा जीर्णोद्धार निघाला की गावच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतं, "आपल्या गावाचा इतिहास लिहायला पाहिजे", आणि मग ज्याचं मराठी त्यातल्या त्यात बरं त्याच्या गळ्यात ते काम पडतं. असं काम गळ्यात पडलेल्यांसाठी हे लिहितोय. रत्नागिरी जिल्हा धरून सांगतो कारण मी कागद हाताळलेत ते तिकडचेच. सातारा-सांगलीत किंवा मराठवाड्यात कचेऱ्यांची आणि कागदांची नावं बदलतील, पण शोधायची रीत साधारण तीच.

पहिलं म्हणजे पूर्ण गावाचा इतिहास लिहायला घेऊ नका. एकच संस्था घ्या. शाळा घ्या, वाचनालय घ्या, विकास सोसायटी घ्या, देवस्थान घ्या, काहीही चालेल पण एक. गावाचा इतिहास म्हणून जे लिहिलं जातं त्यात गावाच्या नावाची कथा, मग शिवकाल, मग डायरेक्ट सरपंचांची यादी असंच येतं आणि शेजारच्या गावाचं पुस्तक उघडलं तर त्यातही तेच. संस्थेचं तसं होत नाही, कारण संस्था वर्गणी घेते, ग्रँट घेते, जागा घेते, आणि जिथे पैसा आणि जमीन आली तिथे कोणीतरी लिहून ठेवलेलंच असतं. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं की स्थापना कोणी केली हा प्रश्न नंतर, आधी पैसे कोणी दिले आणि जागा कोणाची होती हे शोधा. त्या दोन प्रश्नांच्या मागे गेलात की खोत (गावचा सारा वसूल करून सरकारात भरणारे वतनदार), कुळं, मुंबईचे चाकरमानी, बाहेर ठेवलेल्या वाड्या, सगळं गाव आपोआप त्या कागदांत येतं.

बाहेर पडायच्या आधी घरी बसून होण्यासारखं काम बरंच आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा (सरकारने काढलेला जिल्ह्यांच्या माहितीचा ग्रंथ) दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा, 1880 सालचा, कॅम्पबेलने संपादित केलेला, तो नेटवर फुकट मिळतो. स्वातंत्र्यानंतरची 1962 ची सुधारित आवृत्ती पण आहे, ती राज्याच्या दर्शनिका विभागाने टाकलीय. लोक यात फक्त आपल्या गावाचं नाव सर्च करतात, चार ओळी सापडल्या की खूश आणि नाही सापडल्या की बंद. तसं करू नका. शिक्षणावरचं प्रकरण वाचा, जमीनमहसुलाचं वाचा (खोती समजल्याशिवाय रत्नागिरी जिल्ह्यातलं काहीही समजत नाही), बंदरांच्या व्यापाराचे आकडे बघा. तुमचं गाव खाडीकाठी असेल तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते आजच्यापेक्षा जगाला जास्त जोडलेलं होतं हे तिथेच कळेल. आणि सर्च करताना एक लक्षात ठेवा, त्या खंडात गावांच्या नावांवर उच्चाराच्या रेघा आहेत, स्कॅन करताना मशीनने त्या चुकीच्या वाचल्यात, त्यामुळे नुसतं नाव टाकून सापडत नाही, तुकडे टाकून बघा किंवा सरळ पानं चाळा. त्याहून जुन्या इंग्रजी कागदांत तर नावं ओळखूच येत नाहीत. सुवर्णदुर्गाला सेव्हर्नड्रूग, विजयदुर्गाला घेरिया, बाणकोटच्या किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया. ही नावं माहीत नसतील तर समोर फाइल असून हातची जाईल.

गॅझेटियर कोणी लिहिलं हेही विसरू नका. माहिती मामलेदार, कलेक्टर, मास्तर अशांकडून गोळा झालेली, म्हणजे गावात बोलणारा माणूस कोण तर बहुतेक वेळा खोत किंवा कुलकर्णी. जातींबद्दलची वर्णनं तर जशीच्या तशी आपल्या पुस्तकात उचलूच नयेत, ती साहेबाची आणि साहेबाला सांगणाऱ्याची मतं आहेत.

जिल्ह्याच्या हद्दी बदलल्यात ते पण आधी समजून घ्या. सिंधुदुर्ग 1 मे 1981 ला वेगळा झाला, त्याआधी मालवण, कुडाळ, देवगड सगळं रत्नागिरीतच. सावंतवाडी 1948 पर्यंत संस्थान, त्यामुळे तिथले दरबारी कागद वेगळ्या वाटेने गेले. बाणकोट पेशव्यांनी इंग्रजांना 1756 च्या तहातच देऊन टाकलं होतं, बाकी बहुतेक कोकण 1818 ला गेलं, म्हणजे मंडणगड तालुक्यातल्या त्या कोपऱ्याचा कागद साठ वर्षं आधीपासून इंग्रजीत मिळू शकतो. कुठल्या वर्षी आपलं गाव कोणाच्या हाताखाली होतं याची छोटी टिपणी करून पाकिटात ठेवा, प्रत्येक कचेरीत ती लागते.

आता शाळा. शाळेपासून सुरुवात करणं सगळ्यात सोपं, कारण शाळेत दाखलखारीज रजिस्टर असतं आणि ते कायम जपायचं रेकॉर्ड आहे. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या, शाळेतच बसून बघतो म्हणा, बाहेर नेणार नाही म्हणा, बहुतेक जण आनंदाने दाखवतात. आणि मग घाई न करता एकेक रकाना वाचा. नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल तारीख, कितवीतून सोडली, सोडल्याची तारीख, कारण. त्या शेवटच्या 'कारण' रकान्यात कोकणातला अख्खा समाज भरलाय. पानामागून पान 'मुंबईस गेला', 'मुंबईस गेला', दुसरी-तिसरीतून, वय दहा-अकरा. मुलींच्या पुढे 'घरकामामुळे', नाहीतर काहीच नाही, नुसतं 'बरेच दिवस गैरहजर म्हणून नाव कमी'. जात आणि वाडी यांवरून कुठल्या वाडीतलं पहिलं मूल कुठल्या वर्षी शाळेत आलं हे काढता येतं, आणि माझ्या मते शतक महोत्सवाच्या पुस्तकात छापायची तारीख ती आहे. आपल्या शाळेत पहिली मुलगी कधी आली, बौद्धवाडीतला (तेव्हाच्या नोंदीत जात म्हणून जे लिहिलं असेल ते) पहिला मुलगा कधी आला, मोहल्ल्यातली मुलं इथे यायची की उर्दू शाळेत जायची, हे कोणी लिहीत नाही आणि रजिस्टर समोर असताना न लिहिणं मला पटत नाही. फक्त आज जिवंत असणाऱ्या माणसांची जात, जन्मतारीख छापू नका, संख्या सांगा, नावं नकोत.

रजिस्टरसोबत शेरेबुक मागा. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने लिहिलेले शेरे त्यात असतात. पटावर किती, हजर किती, छप्पर गळतंय, मास्तर रजेवर, कवायत बरी. जुनं शेरेबुक मिळालं तर इमारतीचा इतिहास त्यातच मिळतो, शाळा देवळात भरत होती, मग खोताच्या पडवीत, मग अमक्याच्या माडीवर भाड्याने, असं.

शाळेची स्थापना तारीख मात्र जपून. शाळांचा कारभार आधी सरकारी शिक्षण खात्याकडे आणि लोकल फंडाकडे, मग लोकल बोर्डाकडे, मग स्कूल बोर्डाकडे आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषद आली तेव्हा तिच्याकडे, अशा हातांतून गेलाय. प्रत्येक हस्तांतरात नव्या वह्या झाल्या. त्यामुळे फलकावर लिहिलेलं वर्ष कधी पहिल्या खासगी शाळेचं असतं, कधी मान्यतेचं, कधी नुसतं इमारतीचं, आणि कधी आधीची वही हरवली म्हणून उरलेल्या वहीच्या पहिल्या पानाचं. रजिस्टरच्या पहिल्या पानावर अनुक्रमांक 1 आहे की 214 आहे ते बघा. 214 असेल तर आधीची वही होती. आणि पहिल्याच पानावर तिसरी-चौथीत दाखल झालेली मुलं दिसली तर ती आधी कुठेतरी शिकत होतीच ना, 'आधीची शाळा' रकान्यात काय लिहिलंय ते बघा.

वाचनालयांच्या बाबतीत आपला जिल्हा श्रीमंत आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्यांपैकी, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. गावोगावची छोटी वाचनालयं त्यानंतरची. वाचनालयात तीन गोष्टी मागा, दाखल नोंदवही, इतिवृत्ताची वही (जुने लोक प्रोसिडिंग बुक म्हणतात) आणि वर्गणीदारांची यादी. दाखल नोंदवहीत पुस्तक कधी आलं, कितीला आलं, विकत की भेट, भेट असेल तर कोणाची, हे असतं. इतिवृत्तात सभेला कोण हजर, कोण तहकूब करा म्हणाला, कोणत्या वर्तमानपत्राची वर्गणी बंद करायचा ठराव झाला. वर्तमानपत्र बंद करायचा ठराव ही फार बोलकी गोष्ट असते, त्या वर्षी गावात कोण कोणाच्या बाजूने होतं ते त्यात येतं. सरकारी अनुदान घेणाऱ्या वाचनालयाची तपासणी जिल्हा ग्रंथालय अधिकारी करतात, म्हणजे संस्थेकडचे कागद गेले असतील तरी तिकडे फाइल असू शकते.

आणि हे काम पुढच्या वर्षी करू म्हणू नका. चिपळूणच्या त्या वाचन मंदिरात 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि 22 जुलै 2021 ला परत शिरलं, दोन्ही वेळा ग्रंथसंपदा भिजली. वाळवी आहे, पावसाळ्यातली ओल आहे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नवीन कमिटी आल्यावर होणारी साफसफाई. कपाट रिकामं करायचं म्हणून जुन्या वह्या जाळल्याचं मी एकाहून जास्त ठिकाणी ऐकलंय आणि ऐकताना खरंच पोटात तुटतं.

कचेरीतले कागद शोधताना नष्ट करायची पद्धत माहीत असली की बरं पडतं. सरकारी दप्तरात अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. अ कायम ठेवायचं, ब तीस वर्षं, क दहा वर्षं आणि ड वर्षभरात संपवायचं. म्हणून 1950 सालच्या कुठल्या किरकोळ अर्जाचा शोध घेण्यात दिवस घालवू नका, तो गेला. पण जमिनीचे कागद, जन्ममृत्यूची नोंद, ग्रामपंचायतीचे ठराव, नगरपालिकेच्या सभांची इतिवृत्तं हे शोधा.

जमिनीकडे वळू. संस्थेची इमारत ज्या जागेवर आहे तिचा आजचा सातबारा काढा, त्यावर जे फेरफाराचे (जमिनीवरचा हक्क बदलल्याच्या नोंदीचे) नंबर असतात ते एकेक मागे काढत जा. फेरफाराच्या मजकुरात कधीकधी गोष्टच लिहिलेली असते, अमुक यांनी शाळेसाठी दोन गुंठे बक्षीसपत्राने दिले, किंवा तोंडी दिले होते आता वारस नाकारतात. कोकणात याच्या मागे जायचं तर खोती आली. खोती सेटलमेंटचा कायदा 1880 चा, आणि खोती संपवणारा कायदा 1949 चा. खोती गावांत कोण कुठल्या हक्काने जमीन कसतो, खोताला काय देतो, याची नोंद झालेला कागद म्हणजे बोटखत. खोती खासगी, खोती निसबत, धारेकरी, कूळ हे शब्द त्यात येतील, ते एखाद्या जुन्या वकिलाकडून किंवा निवृत्त तलाठ्याकडून नीट समजून घ्या. निवृत्त तलाठी म्हणजे खजिना आहे, त्यांना मान द्या, चहाला बसा, त्यांना कुठला गठ्ठा कुठल्या मांडणीवर होता ते आठवतं. कोणी देणगी दिली म्हणून ज्याचं नाव संगमरवरावर आहे त्या जमिनीवर कसणारं कूळ कोण होतं, हे बोटखतात सापडलं तर तेही लिहा. या खोतीविरुद्ध बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात बिल मांडलं होतं, इतका हा विषय इथल्या माणसांच्या जिवाचा होता.

तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना 14 म्हणजे जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं पण मिळतात. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, त्यानंतर बऱ्याच जिल्ह्यांनी अशा जुन्या नोंदींचे स्कॅन आपल्या वेबसाइटवर टाकले. लोक जातीच्या दाखल्यासाठी बघतात, पण इतिहासासाठी हे सोनं आहे. साथीच्या वर्षाचं पान काढा, 1918 चा फ्लू म्हणजे आजीच्या तोंडी असलेली मानमोडी, मृत्यूच्या नोंदी एकाच महिन्यात कशा ओळीने येतात बघा, आणि मग त्याच वर्षीचं शाळेचं रजिस्टर शेजारी ठेवा.

इथे एक सावधगिरी. कोकणात जुने कागद मागितलेत की घरच्यांना पहिली शंका येते ती सामायिक जमिनीची. मुंबईहून आलेला माणूस बोटखत विचारतोय म्हणजे हिस्सा मागणार. त्यामुळे कोणाकडेही जाताना शाळेच्या किंवा मंडळाच्या लेटरहेडवर पत्र न्या, गावातलं एक विश्वासाचं माणूस बरोबर न्या, आणि पहिल्या भेटीत कागदाला हात लावू नका, नुसतं बोला.

ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या संस्थेसाठी धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी झाली तेव्हाचा अर्ज तिथे असतो, त्यात मालमत्ता, पहिले विश्वस्त, उत्पन्नाचं साधन, प्रथा-परंपरा लिहिलेली असते. नंतरच्या प्रत्येक बदलासाठी बदल अर्ज असतो, आणि देवस्थानात भांडण झालेलं असेल तर तुमचं नशीब, कारण भांडणात दोन्ही बाजू जुने पुरावे जोडतात. मानकरी कोण, पालखी पहिली कोणाच्या घरी, गावकीचा हक्क कोणाला, हे सगळं कोर्टाच्या भाषेत नीट लिहिलेलं मिळतं. फक्त नोंदणीचं वर्ष म्हणजे स्थापनेचं वर्ष नव्हे, देऊळ तीनशे वर्षांचं असलं तरी नोंदणी 1952 नंतरचीच असणार. मशीद-दर्ग्याच्या कागदांसाठी आता वक्फ बोर्ड. सरकारी ऑफिसने टाळाटाळ केली तर माहितीचा अधिकार आहेच, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर, पण अर्जात "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका, अमुक नोंदणी क्रमांकाच्या फाइलची पाहणी करू द्यावी असं नेमकं लिहा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावाचा निम्मा इतिहास गावात नाहीच, तो मुंबईत आहे. परळ, लालबाग, गिरगाव, माझगाव इथल्या चाळींत गावकऱ्यांच्या सामायिक खोल्या होत्या, तिथे ग्रामस्थ मंडळं निघाली, आणि गावची शाळा, धरमशाळा, पाणवठा, देवळाचा सभामंडप हे त्यांच्या वर्गणीतून उभं राहिलं. मंडळाचा हिशेब लिहिणारा माणूस बहुतेक गिरणीत नाहीतर गोदीत कामाला, अक्षर सुंदर, आणि हिशेब पैशापैशाचा. अशी एखादी वही हाती लागली तर तिच्यात दोन बाजू बघा. जमेला नावं आणि रकमा, कोणी एक रुपया, कोणी चार आणे, पुढे गिरणीचं नाव. खर्चाला चिरे, चुना, वासे, रिपा, मंगलोरी कौलं, गवंड्याची मजुरी, बंदरावरून सामान आणायचं होडीभाडं. या एका पानावरून कोण कुठे कामाला होतं, माल बोटीने यायचा की गाडीरस्त्याने, आणि शाळेचं छप्पर नळ्याचं जाऊन कौलाचं कधी झालं, सगळं कळतं. इमारत जुनीच उभी असेल तर उतरवलेलं कौल पालथं करून बघा, कारखान्याचं नाव छापलेलं असतं. मंगलोरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना 1865 ला निघाला, म्हणजे त्यांचं कौल असेल तर त्याआधीचं नाही एवढं नक्की. पण कौलं एका घरावरून दुसऱ्या घरावर जातात, म्हणून कौलावरून इमारतीचं वर्ष ठोकून देऊ नका.

मंडळाच्या खोल्या विकल्या गेल्या, चाळी पाडल्या, रिडेव्हलपमेंटमध्ये ट्रंका भंगारात गेल्या, 1982 च्या गिरणी संपानंतर मंडळंच मोडली. तरी वही कुठेतरी असते. शेवटच्या खजिनदाराच्या मुलाकडे विचारा, आता ते डोंबिवली, विरार, दिव्याला असतील. प्रत्येक वाडीचं, प्रत्येक समाजाचं मंडळ वेगळं होतं हे लक्षात ठेवा. बौद्धवाडीसाठी बौद्धजन पंचायत समितीच्या गावशाखेकडे विचारा, त्यांच्या वह्या बऱ्याचदा सगळ्यात नीट ठेवलेल्या असतात. मोहल्ल्याच्या जमातीचे कागद उर्दूत, आणि त्यांचा पैसा मुंबईच्याही पलीकडून आलेला, दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, मग आखातातले लोक. एकाच मंडळाची वही बघून "गावाने शाळा बांधली" लिहिलंत तर बाकीच्या वाड्यांवर अन्याय होतो.

मोठ्या पुराभिलेखागारात जायची वेळ आता येते, आधी नाही. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, रत्नागिरी मुंबई इलाख्यात असल्याने 1818 नंतरचा महसूल, शिक्षण, न्याय, बांधकाम खात्याचा पत्रव्यवहार तिथे. पुण्याला पेशवे दप्तर, 1818 च्या आधीचं बघायचं तर तिकडे. ओळखपत्र, अर्ज आणि कामाचा विषय नेमका लिहून न्या. तिथे गावाच्या नावाने काही लावलेलं नसतं, खातं आणि वर्ष याने लावलेलं असतं. म्हणूनच आधी शाळेतून, फेरफारातून वर्ष काढून आणायचं, मग त्या वर्षाची शिक्षण खात्याची सूची काढायची. वर्ष हातात नसताना गेलात तर नुसते बसून परत याल. कधीकधी फाइल दिल्लीलाही असते. ब्रह्मदेशाचा थिबा राजा 1886 पासून 1916 ला वारेपर्यंत रत्नागिरीत होता, त्याचा राजवाडा इथे, पण तो राजकीय कैदी म्हणून त्याचा पत्रव्यवहार मुंबई सरकार आणि हिंदुस्थान सरकार दोघांत चालला, तर शोध दोन्हीकडे घ्यावा लागतो. राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल नावाचं पोर्टल आहे, तिथे घरबसल्या सूची बघता येते. जुन्या छापील पुस्तकांसाठी आणि नियतकालिकांसाठी एशियाटिक सोसायटीचं ग्रंथसंजीवनी नावाचं पोर्टल. रत्नागिरीहून निघणारी 'सत्यशोधक', 'बलवंत' यांसारखी साप्ताहिकं मिळतील तिथे चाळाच, गावच्या समारंभाच्या दोन ओळी केसरीत येणार नाहीत, त्यांच्यात येतील.

जुने कागद मोडी लिपीत निघाले तरी भीती नको. राज्याचं पुराभिलेख खातं आणि बऱ्याच संस्था वर्ग घेतात, अक्षरं थोड्या दिवसांत येतात, वाचन हाताला बसायला वेळ लागतो. आधी आडवी रेघ पूर्ण ओळभर ओढलेली असते आणि अक्षरं तिला टांगलेली, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ नसतं. घरच्या जुन्या पत्रांपासून सुरुवात करा कारण त्यात नावं ओळखीची असतात. जास्त अडतं ते तारखेशी. समजा कागदावर आहे 'छ 5 रजब, सन सबा सबैन मया व अलफ'. छ म्हणजे चांद्र तारीख, पाच रजब. सबा सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, झाले 1177. हा शुहूर सन, तो मृगाला म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. मृगापासून डिसेंबरपर्यंतची तारीख असेल तर 599 मिळवा, जानेवारी ते मृग असेल तर 600. त्या वर्षी रजब ऑगस्टमध्ये येतो, म्हणून 1177 अधिक 599, ऑगस्ट 1776. शके असेल तर 78 मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या अडीच-तीन महिन्यांना 79. हे कागदाच्या फोटोसोबत लगेच लिहून ठेवा.

माणसांशी बोलणं हे सगळ्यासोबत चालू ठेवायचं, शेवटी नाही, कारण नव्वदीतली माणसं तुमच्या वेळापत्रकाने थांबत नाहीत. "कुठल्या साली?" असं विचारू नका, कोणाला आठवत नाही. रामदास बोट बुडाली (17 जुलै 1947) त्याच्या आधी की नंतर, कोयनेचा भूकंप झाला (11 डिसेंबर 1967) तेव्हा शाळा नवीन इमारतीत होती का, गिरणी संपात वर्गणी बंद झाली का, रेल्वे आली तेव्हा कोण सरपंच, असं विचारा. बायकांशी वेगळं बसून बोला, पुरुषांसमोर त्या "ह्यांना विचारा" म्हणतात आणि गप्प बसतात, पण शाळेच्या बांधकामाला पाणी डोक्यावरून कोणी आणलं, चिरे कोणी वाहिले, हे त्याच सांगतात आणि ते कुठल्याही वहीत नाही. फोनवर रेकॉर्ड करायचं तर विचारून करा. "देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं" असं कोणी सांगितलं तर हसू नका, लिहून घ्या, कोणी सांगितलं ते पण लिहा, फक्त कथा म्हणून वेगळं ठेवा.

कागदाचे फोटो काढताना पहिला फोटो चिठ्ठीचा, ज्यावर वहीचं नाव, कोणाकडची, तारीख, मग मुखपृष्ठ, मग कोरी पानं धरून सगळी पानं क्रमाने. उजेड खिडकीचा, फ्लॅश नको. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, त्याने कागद कायमचा जातो. मूळ वही ज्याची त्याच्याकडेच ठेवा. घरी आल्यावर त्याच दिवशी एक्सेलमध्ये एक ओळ, वर्ष, घटना, कुठल्या कागदात, पान, आणि किती खात्री. त्या शेवटच्या रकान्यामुळे पुढे फार वाचतं, कारण दोन कागदांत दोन वर्षं निघणारच. निघाली की जो कागद घटनेच्या वेळी, कामासाठी लिहिला गेला त्याला जास्त वजन द्या. पावती स्मरणिकेपेक्षा खरी, फेरफार भाषणापेक्षा खरा. तरी तिढा सुटला नाही तर दोन्ही वर्षं लिहा आणि कारण द्या, महोत्सव समितीचा फलक आधीच छापून झालाय म्हणून एक वर्ष दाबू नका. याबाबतीत तुमच्यावर दबाव येईल, कोणाचे आजोबा संस्थापक हा प्रश्न गावात फार नाजूक असतो, तेव्हा समितीला कागदाचा फोटोच दाखवा, तुमचं मत सांगत बसू नका.

लिहून झालं की छापायच्या आधी मसुदा प्रत्येक वाडीत एकेका माणसाला वाचायला द्या आणि पंधरा दिवस थांबा. "आमचं नाव राहिलं" म्हणून जो भांडायला येईल त्याला बसवा, चहा द्या आणि कागद विचारा, निम्म्या वेळा त्याच्याच घरात एखादी पावती किंवा फोटो निघतो. पुस्तक छोटंच चालेल. पण सगळे स्कॅन आणि ती एक्सेलची फाइल दोन पेनड्राइव्हवर घालून एक शाळेत आणि एक तालुक्याच्या वाचनालयात पोच घेऊन द्या, आणि एक प्रत मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर ड्राइव्हची लिंक म्हणून टाका, लिंक सगळ्यांना उघडते ना ते दुसऱ्याच्या फोनवर बघून घ्या.